सहा गाद्यांची खोली

मला एका जागी बसवत नाही. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी सिडनीच्या क्वेकर्स हिल भागातल्या आमच्या बॅकयार्डात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत फेऱ्या मारतो, आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणते, "अरे, त्या गवताची तरी दया कर." ज्या वर्षाबद्दल लिहितोय त्या वर्षी तर मी हातात मापाची टेप घेऊन फेऱ्या मारत होतो. मागच्या पत्र्याच्या कुंपणापासून इतकं सोडायचं, गटाराच्या पाइपापासून इतकं, शेजाऱ्याच्या लिंबाच्या फांद्या इथवर. उरलेल्या जागेत मला आईसाठी छोटं घर बांधायचं होतं.

कारण सरळ होतं. बाबा गेले तेव्हा मी पोचलो नाही. फोन आला तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवशीचं, मधल्या विमानतळावर सात तास बसून राहिलो, आणि पुण्याच्या फ्लॅटच्या दारात बॅग ठेवली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला. आई मला बघून एवढंच म्हणाली, "हातपाय धू आणि जेवून घे." मी जेवलो. त्यानंतर तीन वर्षं ती त्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती, आणि सकाळच्या फोनची रिंग दोनदा पूर्ण वाजून गेली की मी हातातलं काम टाकून पुन्हा पुन्हा नंबर लावत राहायचो. आईच्या बाबतीत तरी असं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ती मागच्या दारापासून वीस पावलांवर असली की प्रश्नच मिटला.

जपानचं खूळ याच सुमारास डोक्यात शिरलं. क्वेकर्स हिलहून सिटीत जायला ट्रेनने तास लागतो. लोक त्या वेळात फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, नाहीतर क्रिकेट बघतात, मी टोकियोतली छोटी घरं बघायला लागलो. एक गाडी जेमतेम उभी राहील एवढ्या जागेवर तीन मजले. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं रुंद घर आणि त्यात चार माणसांचं कुटुंब. जिन्याच्या प्रत्येक पायरीखाली खण. खिडकी समोर नाही, कारण समोर शेजाऱ्याची भिंत. खिडकी वर एका कोपऱ्यात, जिथून आभाळाचा हातभर तुकडा दिसतो. मला ती घरं बघून बरं वाटायचं. इथे आमच्या भागात चार बेडरूम, दोन दिवाणखाने, आणि सगळे आपापल्या खोलीत आपापला फोन घेऊन बसलेले. शनिवारी मित्रमंडळी जमली की मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी म्हणायचं, "झालं, याचं जपान सुरू." हसायचे सगळे. मी थांबत नसे.

मग एका शनिवारी लायब्ररीत लहान घरांवर एका जपानी आर्किटेक्ट बाईंचं भाषण होतं, ते ऐकायला गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. टोकियोत कितीतरी वर्षं अशीच चिंचोळ्या जागांवरची घरं केलेली, आता लग्न होऊन सिडनीत, घराच्या गॅरेजमध्ये ऑफिस. भाषण संपल्यावर मी त्यांना दारातच गाठलं आणि फोनवर आमच्या बॅकयार्डचे फोटो दाखवायला लागलो. त्यांनी फोटो बघितले नाहीत. विचारलं, "घर कोणासाठी आहे?" मी म्हणालो, माझ्या आईसाठी. "मग आधी त्यांना भेटते. जागा कुठे जात नाही."

आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांसाठी आली होती. तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. तिने तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली बरीचशी ट्रंक कॉल जोडण्यात. दिवसभर कानाला दुसऱ्यांची बोलणी. त्यामुळे असेल किंवा मुळातच तशी असेल, पण घरी ती फार कमी बोलते. कुठलीही गोष्ट पुढे केली की तिचं एकच उत्तर: चालेल. आई, खोलीचं तोंड उत्तरेला ठेवू, इथे ऊन तिकडून येतं. चालेल. गॅस नको, विजेची शेगडी बरी. चालेल. बाथरूमच्या दाराला उंबरा नको, पाय अडखळेल. चालेल. मी लॅपटॉपवर यादी केली होती आणि प्रत्येक चालेलपुढे हिरवी खूण करत होतो. बायको एकदा म्हणाली, "तू त्यांना विचारतोयस की कळवतोयस?" मी तिच्यावर उखडलो. म्हटलं, कोणीतरी हे पुढे न्यायला नको का?

आर्किटेक्ट बाई आल्या त्या दिवशी आईने पहिली गोष्ट बघितली ती त्यांच्या चपला. त्यांनी त्या दारात काढल्या आणि वाकून बाहेरच्या दिशेला वळवून ठेवल्या. आई हळूच मला म्हणाली, "शिस्तीच्या आहेत." आई सोफ्यावर बसत नाही, भाजी निवडायला खाली बसते. तर या बाईही तिच्यासमोर खाली बसल्या, पाय दुमडून, आणि दीड तास हलल्या नाहीत. मी मात्र तेवढ्यात तीनदा उठून पाणी प्यायलो.

त्यांनी विचारलं, "पुण्यात तुमचा दिवस कसा जातो? उठल्यापासून सांगा." मला वाटलं, पुण्याचं काय करायचंय, घर तर इथे बांधायचंय. पण आई सांगायला लागली आणि मी भाषांतर करत राहिलो. साडेपाचला दूधवाला. मग गॅलरीत चहा, तिथून समोरच्या काकू त्यांच्या गॅलरीत आल्या की नाही ते दिसतं. आल्या नाहीत तर फोन करायचा. दहा वाजता भाजीवाली हाक मारते, तिच्याशी पाच मिनिटं घासाघीस, घ्यायचं काही नसलं तरी. चौथ्या मजल्यावरची डॉक्टरीण दवाखान्यात जाता जाता बीपी बघून जाते. घराची किल्ली खालच्या इस्त्रीवाल्याकडे असते. संध्याकाळी बागेतलं ठरलेलं बाकडं, सहा-सात जणी, अंधार पडेपर्यंत. मी हे सगळं भराभर उरकत होतो. बाईंनी सगळं लिहून घेतलं, इस्त्रीवाल्यासकट. मी म्हणालो, "या गोष्टी घरात नाही येत हो." त्या म्हणाल्या, "मला लिहू दे." आईने त्यांना थालीपीठ खायला घातलं आणि त्यांनी दुसरंही मागून घेतलं.

तीन आठवड्यांनी त्या नकाशा घेऊन आल्या. फेब्रुवारीतला दिवस, बाहेर उन्हाचा कहर. मी घरूनच काम करत होतो आणि अकरा वाजता माझी मीटिंग होती, त्यामुळे घड्याळाकडे डोळा ठेवून भाषांतर चाललं होतं. बाईंनी कागद जमिनीवर पसरला. अलीकडे छोटी ओटी, मग स्वयंपाकाचा ओटा आईच्या कोपराला बरोबर येईल एवढ्या उंचीचा, आणि आत मुख्य खोली. त्यांनी त्या खोलीवर पेन्सिल टेकवली आणि सांगितलं की त्यांच्याकडे खोल्या चटयांनी मोजतात. एक चटई म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढी. ही खोली सहा चटयांची.

आमच्याकडेही खोल्या अशाच मोजतात, फक्त चटयांनी नाही. घरात लग्नकार्य निघालं की हॉलमध्ये किती गाद्या पडतील, आतल्या खोलीत किती, हा हिशेब आधी. मी लहान होतो तेव्हापासून ते ऐकलंय. त्यामुळे विचार न करता माझ्या तोंडून गेलं, "आई, ही सहा गाद्यांची खोली."

आईचा चेहरा असा खुलला की मला घड्याळाचा विसर पडला. ती गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकली आणि कागदावर बोट ठेवलं. "सहा? मग इथे ताई. तिला भिंतीकडेला लागतं, उठताना आधार हवा असतो. धाकटी दाराशी, घोरते ती. समोरच्या काकू कधी विमानात बसल्या नाहीत, पण मी असले तर येतील बघ. बाकड्यावरच्या दोघी तर आजच निघतील." मग म्हणाली, "मे महिन्यात येऊ दे सगळ्यांना. आपला उन्हाळा म्हणजे इथे थंडी ना? मग पांघरुणं जास्तीची लागतील. ती कुठे ठेवायची, विचार त्यांना." ती सलग पाच मिनिटं बोलत होती. त्या तीन महिन्यांत मी तिला आपणहून एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या हसून ऐकत होत्या.

आणि मी काय केलं? मी दुरुस्ती केली. "अगं आई, सहा माणसांची नाही. ते फक्त माप आहे. खोली तुझ्या एकटीची."

तिचं बोट कागदावर तसंच राहिलं. "असं होय," ती म्हणाली. "चालेल."

ती चहा ठेवायला आत गेली. बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, भाषांतरात चूक झाली. "नाही, नीट सांग." मग गाद्या, बहिणी, पांघरुणं, सगळं सांगावं लागलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि शेवटी त्या जो शब्द म्हणाल्या, तो मागच्या वेळीही बऱ्याचदा ऐकला. त्याचा अर्थ काय?" मी म्हटलं, इट्स फाइन. "आमच्याकडेही असा एक शब्द आहे. आणखी चहा देऊ का विचारलं आणि पाहुणा तो शब्द म्हणाला, की आम्ही किटली परत नेतो."

मला संताप आला. एका जपानी बाईने मला माझी आई समजावून सांगावी, आणि तेही माझ्याच भाषेतल्या शब्दावरून? माझी अकराची मीटिंग होती. मी म्हणालो, कागदपत्रं पुढच्या आठवड्यात परवानगीसाठी कौन्सिलला जायला हवीत, आई जायच्या आत सगळं ठरायला हवं. त्या म्हणाल्या, "तुझी मीटिंग होऊ दे. मग माझ्याबरोबर जरा बाहेर चल."

माझं ऑफिसचं काम आटपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा चार वाजून गेले होते. तोवर त्या आईबरोबर मेथीचे पराठे लाटत बसल्या होत्या. उन्हं जरा उतरली होती. आम्ही आमची गल्ली, पुढची गल्ली, मग छोट्या पार्काला वळसा घालून परत असे वीस-पंचवीस मिनिटं चाललो. वाटेत एक माणूस भेटला नाही. एक गाडी आली, गॅरेजचं दार आपोआप वर गेलं, गाडी आत शिरली, दार खाली आलं. एका कुंपणाआडून कुत्रा भुंकला. पार्कातली बाकं रिकामी होती. मी या गल्लीत इतकी वर्षं राहतोय आणि ही शांतता बघूनच आम्ही घर घेतलं होतं. त्या दिवशी तीच शांतता मला बोचायला लागली. मी उगाचच जोरात चालत होतो, आणि त्या मागे राहत होत्या.

परतताना त्या म्हणाल्या, "टोकियोत मी एका म्हाताऱ्या बाईंसाठी घर केलं होतं. तुमच्या गॅरेजएवढं. त्याचे फोटो लोकांना फार आवडतात. तुलाही आवडतील. पण फोटोत अर्धंच घर येतं. त्या आंघोळीला गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जायच्या. जेवण कोपऱ्यावरच्या दुकानात. कुंड्या रस्त्यावर, आणि त्यांना पाणी शेजारीण घालायची. उरलेलं अर्धं घर बाहेर होतं, म्हणून आतलं एवढंसं पुरलं. इथे मी तुला आतलं अर्धं काढून देईन. चांगलं काढून देईन. बाहेरचं मला काढता येत नाही."

मी म्हणालो, आम्ही आहोत ना इथे. मी, माझी बायको, मुलगी.

"किती वाजता घरी येता?"

मी पुढे चालत राहिलो. आम्ही साडेसहा-सातला येतो.

"तुझ्या आईचं बाहेरचं अर्धं घर कुठे आहे ते मी लिहून घेतलंय," त्या म्हणाल्या. "तूच भाषांतर केलंस. मी हे कागद आत्ताच पाठवणार नाही. आधी त्यांना विचार. हातात नकाशा न घेता विचार." आणि त्या आपल्या छोट्या गाडीत बसून निघून गेल्या.

पुढचा आठवडा मी घरात कोणाला सुखाने बसू दिलं नाही. दोनदा गवत कापलं. पन्हळी साफ केल्या. गॅरेजमधलं सामान या भिंतीचं त्या भिंतीला लावलं. बिल्डरला फोन केला, तो म्हणाला, "नो वरीज मेट, ईस्टरनंतर पायाचा स्लॅब टाकू," आणि मी लगेच कॅलेंडरवर खूण केली. दुसऱ्या दोन आर्किटेक्टना ईमेल लिहिले आणि पाठवले नाहीत. आईसमोर गेलो की कधी पाणी हवंय का विचारायचो, कधी एसी वाढवू का. बायको म्हणाली, "तू घाबरलायस." मी म्हणालो, कशाला घाबरू? अकरा वर्षांची लेक सिरियल खाता खाता मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हर. इट्स नॉट दॅट हार्ड." तिला काय कळणार किती हार्ड आहे ते.

आईच्या फ्लाइटला चार दिवस उरले होते. ऑफिसला सुट्टी टाकली होती. ती मागच्या पायरीवर सावलीत बसून मेथी निवडत होती, कारण जायच्या आधी तिला आमचा फ्रीझर भरून ठेवायचा होता. मी शेजारी बसलो. हातात कागद नव्हता, फोनही आत ठेवला होता, आणि त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. माझा पाय सारखा हलत होता. तिने त्याच्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि पुन्हा मेथीकडे वळली.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं नाही विचारत मी. तुझं सांग."

तिने दोन-तीन काड्या निवडल्या. "घरी," ती म्हणाली.

"म्हणजे पुण्याला."

"हो. दुसरं कुठलं घर आहे मला?"

मला कळलेलंच होतं, तरी राग आला. म्हणालो, "मग तीन महिने बोलली का नाहीस? मी इथे वेड्यासारखा धावतोय, त्या बाई येतायत, जातायत, नकाशे काढतायत. एकदा म्हणायचं, नको म्हणून."

"तू विचारलंस कुठे? तू दाखवायला यायचास." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आणि सूनबाई म्हणाली, हे घराचं सुरू झाल्यापासून तुला जरा झोप लागते. म्हटलं, काढू दे कागदावर. कागदावर काढलेल्यात कोणाला राहावं लागत नाही."

मी उठलो, कुंपणापर्यंत गेलो आणि परत आलो. मग जे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो ते बोललो. "आई, तुला तिकडे काही झालं तर मी पोचणार नाही. मी किती हिशेब केलाय तुला माहीत नाही. फोन आल्याआल्या निघालो तरी एक आख्खा दिवस जातो. मी नाही पोचणार."

मला वाटलं होतं ती म्हणेल, असं काही होत नाही, काहीतरी अभद्र बोलू नकोस. ती तसं म्हणाली नाही. तीस वर्षं तिने लांबचे फोन जोडले होते, लांब म्हणजे किती लांब हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"नाहीच पोचणार," ती म्हणाली. "बस खाली."

मी बसलो.

"बाबांच्या वेळी नाही पोचलास, त्याचं मी काही मनात ठेवलेलं नाही. त्यांनीही नसतं ठेवलं. माझ्या वेळीही बहुतेक नाही पोचणार. ते मी केव्हाच धरून चाललेय. काकू आहेत, डॉक्टरीण आहे, किल्ली खाली आहे. कोणीतरी असेल." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण म्हणून आत्तापासूनच इथे येऊन बसू का रे, त्या दिवसाची वाट बघत?"

"नको," मी म्हणालो, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच रडलो. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि माझं रडून होईपर्यंत कुठेही गेली नाही.